सांभाळणाऱ्यांना नोटीस तरी द्या

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला किंवा निपाणीच्या आसपास शाळेच्या पटावर पालक म्हणून एकाचं नाव असतं आणि पालकसभेला भलताच माणूस येऊन बसतो. गुरुजींना त्याचं काही वाटत नाही. बाप गोव्यात वास्कोला कामाला, आई त्याच्याबरोबर, मूल आजोळी. बाप पलटणीत, आई आजारपणात गेली, मूल काकाकडे. "माझ्याकडंच हाय की पोरगी, तिची आई गेल्यापासनं," असं एखादी मावशी दारात उभ्या उभ्या सांगते आणि सात-आठ वर्षांचा हिशेब एका वाक्यात उरकते. हे कागदावर आणायची कुणालाच गरज वाटत नाही. ती वाटते एकदम, कुणीतरी मूल परत मागायला येतं त्या दिवशी.

त्या दिवशी मावशीला पहिल्यांदा कळतं की कायद्याच्या लेखी या मुलीचे दोनच धनी आहेत: जन्मदाते आणि सरकार. तिला पोसणारी, तापात रात्र काढणारी, शाळेची फी भरणारी बाई या दोन्हींत बसत नाही. म्हणून माझं म्हणणं अगदी मर्यादित आहे. मूल कुणाकडे राहावं हे न्यायालयानेच ठरवावं, मुलाचं हित बघून ठरवावं, आणि पुष्कळदा ते जन्मदात्यांकडेच जाईल. पण ज्या घरात ते वाढलं त्या घराला नोटीस न देता, त्याचं म्हणणं नोंदवून न घेता ते मूल हलवता कामा नये. मी मुलावरचा हक्क मागत नाही, सुनावणीत उभं राहून बोलण्याचा हक्क मागतो.

हा हक्क आज अजिबात नाही असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. तो आहे, पण मूल कुठल्या कायद्याच्या दारातून न्यायालयात शिरतं त्यावर तो अवलंबून आहे. आणि गंमत अशी की सगळ्यात जुनं दार सगळ्यात रुंद आहे.

१८९० चा पालक आणि पाल्य कायदा इंग्रजांनी केला. त्याच्या कलम ८ प्रमाणे पालक नेमण्याचा अर्ज नातेवाईक तर करू शकतोच, पण मुलाचा स्नेहीही करू शकतो. कलम ४ मधली पालकाची व्याख्या सरळ आहे: मुलाची किंवा त्याच्या मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे आहे तो. आणि कलम ११ मधली तरतूद तर मला फारच शहाणपणाची वाटते. अर्ज दाखल झाला की न्यायालयाने सुनावणीची नोटीस आईवडिलांना द्यायची, आणि मूल सध्या ज्याच्या ताब्यात आहे असं अर्जात लिहिलंय त्यालाही द्यायची. शिवाय न्यायालयाला योग्य वाटेल त्या आणखी कुणालाही. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कायदेमंडळाला एवढं उमगलं होतं की मूल ज्या घरात आहे त्या घराला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

आता याच्यानंतरचे कायदे बघा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ घटस्फोटाच्या दाव्यातच मुलांचा ताबा, पोटगी, शिक्षण याविषयी हुकूम करायचा अधिकार देतं. दावा नवराबायकोचा, म्हणून पक्षकार दोघेच. पण समजा, दोघांची भांडणं सुरू झाल्यापासून मूल आजीकडे आहे. चार वर्षं तिथेच शाळेत जातंय. शेवटी दोघं समझोत्याने वेगळे होतात, वकील अटी लिहून काढतात, त्यात एक अट: मुलाचा ताबा वडिलांकडे. न्यायाधीशांसमोर दोघंही हो म्हणतात. आजीला हे कळतं तेव्हा जावई हुकमाची प्रत घेऊन अंगणात उभा असतो. आजी कोर्टात गेली असती तर कदाचित हरली असती, तो भाग वेगळा. तिला कुणी बोलावलंच नाही.

त्याहून कठीण दार बंदी प्रत्यक्षीकरणाचं. बाप थेट उच्च न्यायालयात जातो (बेळगावकरांसाठी ते धारवाड खंडपीठ) आणि सांगतो की माझं मूल अमुक व्यक्तीने बेकायदा अडकवून ठेवलंय. इथे सांभाळणाऱ्याला नोटीस मिळते खरी, पण कशी? आरोपीसारखी. दारात पोलीस येतो. २०१९ च्या तेजस्विनी गौड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग ताब्याच्या वादातही चालतो असं सांगितलं, कारण वडील नैसर्गिक पालक आणि मावशी-मामा यांच्याकडे कायदेशीर अधिकार कुठलाच नाही. त्या मुलीची आई कर्करोगाने आजारी पडली, बापही दवाखान्यात होता, म्हणून बाळ आईच्या भावंडांकडे गेलं होतं. आई वारली, बाप बरा झाला, मूल बापाकडे गेलं. निकालाशी माझं भांडण नाही. न्यायालयाने मावशीला भेटीची मुभाही ठेवली. पण अडचणीत बाळ उचलून घेणाऱ्या घराची कायद्यातली ओळख 'बेकायदा ताबा ठेवणारा' एवढीच असावी, हे खटकतं.

आणि शेवटचं दार सरकारने स्वतः बांधलेलं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ खाली फॉस्टर केअर येतं, म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला ठेवणं. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ही समिती कुटुंब पारखते, त्याची ऐपत, इच्छा, आधीचा अनुभव बघते आणि मूल त्या घरी ठेवण्याचा हुकूम काढते. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४००० रुपये मिळतात. मुलाचं शिक्षण, आरोग्य, आहार ही त्या कुटुंबाची जबाबदारी, असं कायदा स्पष्ट म्हणतो. दर महिन्याला समितीने घराची तपासणी करायची. जन्मदात्यांना मधूनमधून मुलाला भेटता येतं, आणि ते सावरले अशी समितीची खात्री झाली की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. हे सगळं कलमात आहे. मूल परत नेताना सांभाळणाऱ्या कुटुंबाला विचारावं, हे मात्र कलमात नाही. कर्तव्यांची यादी आहे, आवाज नाही. ज्या घराला सरकारने स्वतः निवडलं, ज्याची दर महिन्याला झडती घेतली, त्या घराचं स्थान १८९० च्या कायद्यातल्या कुठल्याही शेजाऱ्यापेक्षा खाली आहे.

समितीचा निर्णय पटला नाही तर अपील कुठे? इतर बाबतींत बाल न्यायालयाकडे, ३० दिवसांत. फॉस्टर केअरच्या बाबतीत कलम १०१ वाट बदलतं आणि अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं. जिल्हाधिकाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण बेळगावसारख्या जिल्ह्यात ज्यांच्या टेबलावर कृष्णेचा पूर, निवडणूक, उसाचं आंदोलन आणि हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त असतो त्यांनी एका सहा वर्षांच्या मुलाच्या मनाचा निवाडा करावा, ही रचना कुणाला सुचली कोण जाणे. शिवाय ज्याला सुनावणीच मिळाली नाही त्याने ३० दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे?

२०२४ मध्ये केंद्राने फॉस्टर केअरची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. एकट्या व्यक्तींनाही आता मूल सांभाळायला घेता येतं, आणि जे मूल दत्तक देण्यास मोकळं आहे ते पाचऐवजी दोन वर्षांनी त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. चांगलंच झालं. पण यात सुटलं ते मूल ज्याचे आईबाप हयात आहेत आणि म्हणून ते सहसा 'मोकळं' होत नाही. ते पाच वर्षं त्या घरात राहिलं तरी घराचं स्थान पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

न्यायाधीशांना हे दिसत नाही असं मुळीच नाही. १९७३ च्या रोझी जेकब खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की मूल ही आईबापांची मालमत्ता नाही. १९९२ मध्ये बापावर पत्नीच्या छळाचा खटला असताना दोन मुलं मामाकडे ठेवली. २००८ मध्ये नील रतन कुंडू खटल्यात आईच्या मृत्यूनंतर नातू आजी-आजोबांकडे राहू दिला आणि मुलाची इच्छा विचारल्याशिवाय निकाल दिल्याबद्दल खालच्या न्यायालयांचे कान उपटले. २००९ मध्ये आणखी एका आजीकडे नात राहिली. २०१० च्या अथर हुसेन खटल्यात तर पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा हे नीट समजावून सांगितलं: बाप पालक असू शकतो, आणि तरीही मुलांचा ताबा सध्या आईच्या माहेरी असू शकतो. मुस्लिम कुटुंबातला तो वाद आपल्याच राज्यातून वर गेला होता. २०२४ मध्ये ओडिशातल्या एका मुलीला तान्हेपणापासून वाढवलेल्या नातेवाइकांकडेच ठेवलं, बापाने मागूनही. आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एका खटल्यात मूल मावशीकडून बापाकडे दिलं.

हे निकाल उलटसुलट वाटतील. मला वाटत नाहीत. प्रत्येक ठिकाणी मुलाचं वय, किती वर्षं राहिलं, बाप कसा, मूल काय म्हणतं, हे वेगळं होतं. खटकतं ते दुसरंच. या सगळ्यांत सांभाळणारे नातेवाईक होते आणि त्यांना दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत होती. तिथवर पोहोचल्यावर त्यांचं ऐकलं गेलं. म्हणजे बोलण्याचा हक्क पायऱ्या चढत गेल्यावर मिळतो. खालच्या पायरीवर, जिथे बहुतेक मुलांचं भवितव्य ठरतं, तिथे तो न्यायाधीशांच्या स्वभावावर आहे.

आता बेळगावकडे येऊ, कारण इथे ही खालची पायरी आणखी निसरडी आहे.

मुलीचं माहेर बेळगाव तालुक्यात, सासर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, यात आपल्याकडे विशेष काही नाही. रोटीबेटीच्या व्यवहाराला १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यसीमेची रेघ कधी आडवी आली नाही. पण मुलगी वारली आणि नात आजोळी राहिली की ती रेघ आडवी येते. १८९० च्या कायद्याप्रमाणे अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा, म्हणजे बेळगावात. एखाद्या रात्री जावयाने नातीला गाडीत घालून शिनोळीच्या पलीकडे नेलं, तर कायदा बदलत नाही, पण आजीला आता आधी हेच सिद्ध करत बसावं लागतं की पोर नेहमी राहायची ती इकडे. तिकडे वेगळी बालकल्याण समिती, वेगळं महिला व बालविकास खातं, वेगळे नियम. ऑगस्ट २०२५ पासून चंदगडकरांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, बेळगावकरांसाठी धारवाड. एकाच कुटुंबातल्या वादाला दोन उच्च न्यायालयं.

नोटीस येते ती कानडीत. इथल्या दुय्यम न्यायालयांचा कारभार कानडीत चालतो, आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या साठीच्या बाईला तिच्यातलं स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. मग गल्लीतला कॉलेजला जाणारा पोरगा येतो, फोनवर फोटो काढतो, वाचून दाखवतो. त्याला तारीख कळते, कोर्टाचं नाव कळतं. 'प्रतिवादी' म्हणजे काय आणि तारखेला नाही गेलं तर एकतर्फी हुकूम होतो, हे त्यालाही ठाऊक नसतं. ती मग कापडी पिशवी घेऊन बेळगाव कोर्टाच्या आवारात वकिलांच्या टेबलापाशी येते. वकील विचारतात, "आज्जी, पोरीचं काय काय कागद हाय तुमच्याकडं?" पिशवीतून निघतं: अंगणवाडीचं लसीकरणाचं कार्ड, घड्या पडून चिरलेलं. जिल्हा रुग्णालयात न्युमोनियाला चार दिवस ठेवलं होतं त्याचा डिस्चार्ज कागद. शाळेच्या पावत्या रबरबँडमध्ये. आधार कार्ड, त्यावर पत्ता जावयाच्या गावचा, कारण ते काढताना त्याचंच रेशनकार्ड दिलं होतं. लसीच्या प्रत्येक तारखेला मूल घेऊन गेली ती आजी, रुग्णालयात रात्री खुर्चीवर बसली ती आजी, पण ज्या कागदावर तिचं नाव आहे असा कागद त्या पिशवीत एकच असतो. शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरी केलेलं पत्र: 'मुलीचा सांभाळ आजीने करावा, माझी हरकत नाही.' खाली जावयाची सही.

या बॉण्डवर सीमाभागात लोकांचा फार विश्वास. नोटरीचा लाल शिक्का पडला की झालं, असं वाटतं. ते दत्तकपत्र नसतं आणि न्यायालयाचा पालकत्वाचा हुकूमही नसतो. हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक व्हायचं तर मूल प्रत्यक्ष द्यावं-घ्यावं लागतं, आणि कागदाला वजन येतं ते दोन्हीकडच्या सह्यांसह उपनिबंधकाकडे नोंदवल्यावर. त्यात आणखी एक मेख: स्वतःला मुलगा असताना त्या कायद्याखाली मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे घरात मुलगा असलेल्या मामाने भाच्याला कितीही वर्षं सांभाळलं तरी तो रस्ता बंद. २०१५ च्या कायद्यात नातेवाइकांच्या दत्तकाची वेगळी वाट आहे, ऑनलाइन अर्ज आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम; पण तिलाही हयात आईबापांची संमती लागते, आणि बहुतेक सांभाळणाऱ्यांना दत्तक हवंच नसतं. आजीला नातीची आई व्हायचं नसतं. तिला एवढंच हवं असतं की कुणी विचारावं.

याला हरकत घेणारे म्हणतील की सांभाळणाऱ्यांना न्यायालयात जागा दिलीत तर गरीब आईबाप मुलं गमावतील. ही हरकत मी हलक्यात घेत नाही. या विषयातली तीच खरी हरकत आहे. गोव्यात राबणाऱ्या जोडप्याने पोर सासूकडे ठेवलं ते टाकून दिलेलं नसतं. दर महिन्याला पैसे पाठवतात, गणपतीला येतात. तीन वर्षांनी खोली मिळाली, पोराला न्यायला आले, आणि सासू वकील घेऊन उभी राहिली तर? तिचं घर पक्कं, शेत आहे, शाळा जवळ. यांची वास्कोतली एक खोली. हिताच्या नावाखाली तुलना अशीच होणार असेल तर श्रीमंत नातेवाईक दरवेळी जिंकतील. फॉस्टर केअरमध्येही तेच. सरकार ४००० रुपये सांभाळणाऱ्याला देतं. तेच पैसे वेळेत आईच्या हाती पडले असते तर मूल घराबाहेर गेलंच नसतं, अशीही प्रकरणं असतात. मदत आधी आईला, हे सूत्र मला मान्य आहे.

दुसरी भीती चोरीच्या मुलांची. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं. २०२० मध्ये बेंगळुरूच्या रुग्णालयातून तान्हं बाळ चोरीला गेलं, एका डॉक्टरने ते उत्तर कर्नाटकातल्या एका जोडप्याला सरोगसीचं म्हणून दिलं, आणि वर्षभर त्यांनी ते जिवापाड वाढवलं. सांभाळणाऱ्या आईच्या बाजूने युक्तिवाद झाला की जन्मदात्रीला आधीची दोन मुलं आहेत, मला एकही नाही. तिच्या वकिलाने देवकी आणि यशोदा यांचा दाखलाही दिला. न्यायालयाने दोन्ही फेटाळलं: मुलं मोजून वाटायची गोष्ट नाही. निकाल बरोबरच होता. चोरीने आलेल्या मुलावर माया लावल्याने हक्क तयार झाला तर बाजार सुरू होईल.

पण या दोन्ही भीतींचं उत्तर सांभाळणाऱ्याचं तोंड बंद करणं हे नाही. उलट दुसऱ्या प्रकरणात बघा काय झालं. यशोदेचं ऐकून घेतल्यावर तिने बाळ दिलं, आणि देवकीने सांगितलं की तुला वाटेल तेव्हा येऊन बघ. दोघी वेगवेगळ्या धर्मांच्या. न्यायालयाने या समजूतदारपणाचं कौतुक केलं. हे घडलं कारण दोघी एका सुनावणीत आल्या. पोलिसांनी परस्पर बाळ उचलून नेलं असतं तर दोन कुटुंबं कायमची तुटली असती आणि बाळाला पहिलं वर्ष कुणाकडे गेलं हे कधी सांगायला कुणी उरलं नसतं.

आणि पहिल्या भीतीबद्दल: ऐकणं म्हणजे देणं नव्हे, हे न्यायालयाला सांगायची गरज नसावी. सांभाळणाऱ्याची साक्ष आईबापांच्या बाजूनेही जाऊ शकते. पैसे दर महिन्याला यायचे, फोन रोज यायचा, सुट्टीत पोर आईकडेच झोपायचं, हे कोण सांगणार? सांभाळणारीच. तिला पक्षकार केलं नाही तर ती साक्षीदार म्हणूनही येत नाही, आणि बापाचा वकील म्हणतो तेवढंच रेकॉर्डवर राहतं. मुलाला कुठला खाण्याचा पदार्थ चालत नाही, कशाला घाबरतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे न्यायाधीशांना दुसऱ्या कुणाकडून कळणार? निकाल बापाच्या बाजूने जायचा असला तरी तो चांगला होण्यासाठी हे लागतं.

बाहेरच्या देशांनी याची मधली वाट काढली आहे. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने फॉस्टर पालकांना सुनावणीची नोटीस आणि बोलण्याची संधी दिली, आणि त्याच वेळी स्पष्ट केलं की एवढ्याने त्यांना पक्षकार करणं बंधनकारक होत नाही. इंग्लंडच्या १९८९ च्या बाल कायद्यात मूल सलग एक वर्ष घरात असेल तर फॉस्टर पालकाला मूल कुठे राहावं याबद्दलचा अर्ज करण्याचा हक्क आहे. मला इंग्लंडची वर्षाची अट पटते, फक्त आपल्याकडे तिच्यासोबत आणखी एक अट हवी: मूल त्या घरात उघडपणे आलेलं असावं. आईबापांच्या माहितीने, किंवा समितीच्या हुकमाने. पैसे देऊन, पळवून किंवा दडवून आणलेलं नको. वर्षाच्या आतल्यांना नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. वर्ष पूर्ण झालेल्यांना पक्षकार होण्याचा हक्क. आणि घराच्या ऐपतीची तुलना करायची नाही, हे नियमातच लिहावं, म्हणजे वास्कोतली एक खोली आणि खानापूरचं शेत तराजूत पडणार नाही.

यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आधीच आहे: न्याय्य सुनावणी आणि पुनर्विलोकनाचा हक्क. कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याला समिती पालक म्हणून मान्यता देऊ शकते. म्हणजे बेळगावची समिती आज, उद्याच, कुठलीही दुरुस्ती न होता सांभाळणाऱ्या कुटुंबाला ऐकू शकते. तिला अडवणारं कलम नाही. फक्त ते तिच्या मर्जीवर राहू नये म्हणून राज्याने कलम ११० खालच्या नियमांत ते लिहावं. १८९० च्या कायद्याखाली नियम करायचा अधिकार कलम ५० प्रमाणे उच्च न्यायालयाला आहे. कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यातही उच्च न्यायालयाला तसाच अधिकार आहे, म्हणजे समझोत्याच्या घटस्फोटात 'मूल गेलं वर्षभर कुठे राहतंय' हा रकाना भरायला लावणं, आणि ते तिसऱ्याच घरात असेल तर त्या घराला नोटीस काढणं, हे एका परिपत्रकाएवढं काम आहे. त्याहून पुढे जायचं झालं तर अज्ञान मुलांचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. कर्नाटक विधानसभा कायदा करू शकते.

तोवर ज्यांच्या घरी मूल आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शाळेत आणि दवाखान्यात सांभाळणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं, निदान सोबतचा माणूस म्हणून. आणि नोटीस आली तर घाबरून घरी ठेवू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. आजी, मावशी, आत्ती, या सगळ्या त्यात बसतात. मामाला उत्पन्नाचा दाखला लागेल.

राहिला भाषेचा मुद्दा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही माणसाला गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. हा हक्क देण्याच्या बाजूचा आहे. सरकारचा कागद घेण्याच्या बाजूला तो थांबतो. म्हणून ताब्याच्या नोटिशीसोबत मराठी भाषांतर जोडावं, ही मागणी मला भावनिक वाटत नाही. मूल नेण्याची तारीख ज्या कागदावर आहे तो कागद ज्याच्या घरातून मूल न्यायचंय त्याला वाचता आला पाहिजे, एवढंच तिच्यात आहे. एका पानाचं काम.

दर वर्षी हिवाळी अधिवेशनासाठी सरकार बेळगावात सुवर्णसौधात येतं आणि दर वर्षी आपण त्याच्यासमोर एकच मोठा प्रश्न घेऊन उभे राहतो. सीमाप्रश्नाचा, ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. त्या वेळी दोन वर्षांची असलेली पोरं आता मतदान करतात. येत्या अधिवेशनात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आणि इतर मराठी कार्यकर्त्यांनी महिला व बालविकास मंत्र्यांच्या हाती मराठीत एक निवेदन द्यावं: बाल न्याय नियमांत सांभाळणाऱ्या कुटुंबाला नोटीस व सुनावणी, वर्षानंतर पक्षकार होण्याचा हक्क, आणि मूल हलवण्याच्या हुकमात सांभाळणारे काय म्हणाले व ते का मानलं किंवा मानलं नाही याची लेखी कारणं. अशी मागणी कानडी बोलणाऱ्या आजीच्याही उपयोगाची आहे. ती मांडताना बरोबर कन्नड संघटनांचा एखादा माणूस आला तर उत्तमच, आणि नाही आला तरी निवेदन द्यायचं ते द्यावंच.